बाहेरचं काम

गाडीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांचे दोन शब्द आहेत, ते ऐकले की आजही माझं डोकं फिरतं. ‘बाहेरचं काम.’ म्हणजे तुमच्या गाडीला त्यांच्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाचा तरी हात लागलाय. एकदा हे दोन शब्द जॉब कार्डावर उमटले की पुढे गाडीचं काहीही होवो, त्यांनी हात झटकलेच म्हणून समजा. इंजिन तापलं, बाहेरचं काम. दार वाजतंय, बाहेरचं काम. गाडीत बसलेल्या माणसाला सटासट शिंका यायला लागल्या तरी ते हेच सांगतील, याची मला खात्री आहे.

राग त्यांच्यावर आहेच. पण सगळा त्यांच्यावर नाही, त्यातला चांगला मोठा वाटा माझा स्वतःवरचा आहे. तो कसा, ते सांगते.

मी नर्स आहे. तिकोणा पेठ आणि पवना धरणाच्या आजूबाजूच्या काही वाड्या माझ्याकडे आहेत. राहते बेगडेवाडीला, स्टेशनच्या मागे, वडिलांबरोबर. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. रोज कामशेत, तिथून पवनानगर आणि मग पुढे. लोकल आणि एसटी असा प्रवास बरीच वर्षं केला, पण हातात लसीचा डबा असताना एसटी चुकली की काय होतं ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. म्हणून नऊ वर्षांपूर्वी लहानशी चार चाकी घेतली. घेताना सगळ्यांनी एकच विचारलं, गाडी भरवशाची आहे ना? मीही शोरूममध्ये तेच विचारलं. गाडी भरवशाची असून भागत नाही, तिच्याबद्दल बोलणारी माणसंही भरवशाची लागतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, रेल्वेत फिटर होते. घाट उतरायच्या आधी गाडी थांबवून तिचे ब्रेक तपासतात, त्या तपासणाऱ्यांतले. माझं लहानपण खंडाळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. आबांची ड्युटी म्हणजे गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून चालायचं, प्रत्येक डब्याखाली डोकं घालायचं, पाइप हातानं चाचपायचे, कुठे शंका आली तर हातोडी मारून आवाज ऐकायचा, आणि मग गाडी ‘पास’ करायची. आबांनी पास म्हटलं की गाडी घाटात सुटायची. याचा बडेजाव त्यांनी कधी केला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, “आमी कुटं गाडी चालवतो? आमी फकस्त ती थांबंल का न्हाई ते बगतो.”

त्यांची एक सवय त्या नोकरीतलीच. नट आवळून झाला की नटावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबूनच कळतं. रिटायर होऊन बेगडेवाडीला आले तरी सवय गेली नाही. आमच्या घरात पाण्याच्या मोटरला रेघ, पंख्याच्या हुकाला रेघ, आईच्या शिलाई मशीनलाही रेघ. पाहुणे विचारायचे, हे काय हो, आणि आई म्हणायची, “आमच्याकडं सगळ्याला गंध लावतात.”

गाडी आली तेव्हा वॉरंटीच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की बाहेर कुठेही काम करायचं नाही. आबांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, “म्हंजी गाडी आपली का त्यांची?” तरी वॉरंटी संपेपर्यंत त्यांनी बॉनेट उघडलं नाही. दिलेला शब्द पाळायचा म्हणजे पाळायचा. त्या काळात डाव्या बाजूनं खडखड आवाज यायचा. सर्व्हिस सेंटरला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाले, नॉर्मल आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, ह्या मॉडेलला येतोच. तिसऱ्यांदा एकानं माझ्याबरोबर चक्कर मारली आणि म्हणाला, “मॅडम, मला तर काही ऐकू येत नाही.” आबांना तो आवाज ओट्यावर बसून ऐकू यायचा. वॉरंटी संपली त्या आठवड्यात त्यांनी चाक काढलं, आत एक रबर निखळलं होतं ते नवं बसवलं, रेघ ओढली आणि हात धुऊन चहाला आले. दहा मिनिटं लागली असतील. मला तेव्हाच राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट गंमत वाटली.

त्यानंतर गाडी आबांच्या हाताखाली गेली. ऑइल, फिल्टर, ब्रेकचे पॅड, बॅटरी, सगळं तेच बघायचे. अंगणात जुनी चादर अंथरायची, काढलेला प्रत्येक नट ताटलीत काढल्या क्रमानं मांडायचा, मोजायचा, बसवताना परत मोजायचा. मला त्यांनी कधी ‘शिक’ म्हटलं नाही आणि मीही शिकले नाही. मी आपली ओट्यावरून चहा विचारायची.

त्यांच्या हातून कधी चुकलं नाही असं मी म्हणणार नाही. एकदा वायपरची मोटर बदलली आणि दांड्या उलट्या बसवल्या. सोमाटणे फाट्याजवळ वायपर सुरू केला तर दोन्ही काड्या काचेच्या बाहेर जाऊन शेजारच्या ट्रकला हात दाखवायला लागल्या. ट्रकवाल्यानंही हात दाखवला. घरी येऊन सांगितलं तेव्हा आबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि तिथल्या तिथे दांड्या बदलल्या. आणि ज्यातलं त्यांना कळत नव्हतं त्याच्या ते वाटेला जात नसत. एअरबॅगचा दिवा लागला तर म्हणायचे, “त्यात कॉम्प्युटर हाय. ते त्यांच्याकडंच ने.” डोळ्याला दिसतंय, हाताला लागतंय आणि कानाला कळतंय तेवढंच आपलं, हा त्यांचा हिशेब. स्वतः गाडी दुरुस्त करावी की नाही यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, त्यांना मी आबांचं हे एक वाक्य ऐकवते. चार-पाच वर्षं गाडी एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही.

मग आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर वाकायचं नाही. मी म्हटलं, बरी संधी आहे, एकदा गाडी कंपनीच्या सेंटरमध्ये सगळी तपासून घेऊ. आबा म्हणाले, “ने. पर बगून घे काय करत्यात ते.” मी कशाला बघते? मी काचेच्या खोलीत एसीत बसले, मशिनची गोड कॉफी प्यायले आणि पुढ्यात आलेल्या प्रत्येक कागदावर सही केली. त्या कागदांत लिहिलं होतं की इंजिन गार ठेवणारं कूलंट काढून नवीन भरलंय. मला चांगलंच वाटलं.

पंधरा दिवसांत, मार्चमधल्या एका सकाळी, पवनानगरच्या अलीकडच्या चढावर टेम्परेचरचा काटा वर गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली. मागच्या सीटवर लसीचा डबा. खालच्या वाडीतल्या अंगणवाडीत बायका तान्ही पोरं घेऊन चालत आलेल्या. मी दुधाच्या टेम्पोला हात केला आणि त्यातून पोचले तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. बऱ्याच जणी वाट बघून निघून गेल्या होत्या. ज्या उरल्या त्यांतली एक म्हणाली, “आमाला वाटलं, तुमी बी आता येत न्हाई.” मला ते फार लागलं. गाडीला टोचन लावून सेंटरला नेलं तेव्हा माझा राग कुणावर तरी निघायचा बाकी होता.

सेंटरच्या ॲडव्हायझरनं तो कुणावर काढायचा ते मला सांगितलं. तिशीतला माणूस, शर्टावर कंपनीचा बिल्ला, हातात टॅब. तो आतून फोटो काढून घेऊन आला. “मॅडम, इंजिनचं गॅस्केट गेलंय. कूलंट गळालं म्हणून तापली. गाडीला बाहेरचं काम झालंय ना? हे बघा.” त्यानं फोटोत बोट ठेवलं. रेडिएटरच्या वरच्या पाइपला कंपनीच्या चिमट्याच्या जागी स्क्रूनं आवळायची क्लिप होती, आणि तिच्यावर आबांची पांढरी रेघ. “ही क्लिप आमची नाही. आणि हा पांढरा रंग बघा, हे तर सरळच बाहेरचं आहे. क्लिप लूज झाली असणार. घरी कुणी करतं का?”

मी म्हटलं, “वडील करतात.”

तो समजूतदारपणे हसला. “जुन्या लोकांना सवय असते. पण ह्या नव्या गाड्या आहेत मॅडम.” आणि त्यानं कार्डावर ते दोन शब्द लिहिले, फोटो माझ्या फोनवर पाठवला आणि दुरुस्तीच्या कागदावर सही मागितली. मी केली.

त्या हसण्याचा राग मला त्या दिवशी यायला हवा होता. आला तो घरी आल्यावर, आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यावर. मी चपला काढायच्या आधीच म्हणाले, “आबा, तुमच्या क्लिपमुळे इंजिन गेलं. आता ह्यापुढे गाडीला हात लावायचा नाही.”

आबांनी विचारलं, “कुटली क्लिप?”

“वरच्या पाइपाची. तुम्ही लावलेली.”

“रेघ जागेवं व्हती का?”

“आबा, रेघ कसली घेऊन बसलात? पोरं घेऊन बायका उन्हात उभ्या होत्या तिकडे. रंग मारून काय होतं?”

 फोटो माझ्या फोनमध्ये होता. तो त्यांच्यापुढे धरायला मला किती वेळ लागला असता? पण मी आत गेले आणि भाताचा कुकर लावला.

पुढे दीड महिना आबांनी गाडीचं नावसुद्धा काढलं नाही. हत्यारांची पेटी कॉटखाली सरकवली. शेजारच्या बाई मिक्सर घेऊन आल्या तर त्यांना म्हणाले, “आता हात चालत न्हाई माझा. दुकानात न्या.” जेवण झालं की उठून गॅसचं बटण बघायचे, परत बसायचे, परत उठायचे. दाराची कडी लावली की ओढून बघायचे, दोनदा, तीनदा. मी नर्स आहे, माणसाच्या अंगातला फरक ओळखणं हे माझं काम. मी काय निदान केलं? वय झालं. एवढंच. एकदा तर मी त्यांच्यावर खेकसलेही, “किती वेळा बघाल ते बटण?”

गाडी दुरुस्त होऊन आली. बिलाचा आकडा सांगत नाही, उगाच परत रक्तदाब वाढायचा. आबांची क्लिप काढून सेंटरवाल्यांनी कंपनीचा चिमटा बसवला होता आणि क्लिप भंगारात टाकली होती. आता सगळं ‘आतलं काम’ होतं. मी निश्चिंत झाले.

मे महिन्यात, तिकोणा पेठेच्या अलीकडे, काटा परत चढायला लागला. या वेळी मी वाफ व्हायच्या आधीच गाडी बाजूला घेतली. तिथे वळणावर वरच्या ठाकरवाडीतली एक मावशी करवंदं विकायला बसते. किल्ल्यावर चढणारी पुण्या-मुंबईची पोरं उतरताना तिच्याकडून पानांच्या द्रोणात करवंदं घेतात. माझी आणि तिची जुनी ओळख, तीही भांडणातून झालेली. आमच्या वाड्यांमध्ये पोराचा ताप उतरेना की म्हणतात, बाहेरचं लागलंय. भूत हा शब्द तोंडातून काढायचा नसतो, म्हणून नुसतं बाहेरचं. काही वर्षांपूर्वी तिच्या नातवाला असाच ताप होता, पोर झटके देत होतं, आणि देवऋष्यानं बाहेरचं सांगून अंगारा दिला होता. मी घरात घुसून तमाशा केला होता. पोराचा कान बघितला तर आत पू भरला होता. पोर वाचलं, आता आश्रमशाळेत आहे.

“काय झालं वं शिस्टर?” मावशीनं बसल्या जागेवरून विचारलं.

“परत तापली गाडी.” माझं डोकं उठलं होतं, जे तोंडात आलं ते बोलले. “मागच्या वेळी म्हणाले, बाहेरचं काम झालंय म्हणून तापली.”

मावशीनं हातातला द्रोण खाली ठेवला. “बाहेरचं? गाडीला?”

“तसलं बाहेरचं नाही हो मावशी. माझ्या वडिलांनी घरी दुरुस्त केली होती, म्हणून.”

“मंग कुनी सांगितलं, त्यांच्या हातानं बिगडली म्हून?”

“सेंटरच्या माणसानं.”

“त्यानं हात घालून बगितलं, का लांबनंच सांगितलं?” आणि मग ती थोडी हसली. “आमच्या पोराच्या टायमाला तुमी आमाला लय बोलला व्हता. त्यानं कान बगितला का, त्यानं पोराला हात तरी लावला का. आमी खाली मान घालून ऐकलं तुमचं.”

मला त्या रस्त्यावर तोंड लपवायला जागा नव्हती. वीस वर्षं मी दारोदार जाऊन अंगाऱ्यांशी भांडले. अडाणी म्हणाले, रागावले, हात जोडले. आणि बिल्ला लावलेल्या एका माणसानं टॅबवर बोट ठेवून ‘बाहेरचं’ म्हटलं, तर मी एक प्रश्न न विचारता सही केली. देवऋष्यानं निदान पोराकडे एकदा बघितलं तरी होतं. शिवाय आता तर आबांची क्लिप गाडीत नव्हतीच. मग आता कुणाच्या हातानं तापली?

मी बॉनेट उघडलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा, खरं सांगायचं तर. वरचा पाइप, त्याचा चिमटा, सगळं कोरडं ठणठणीत. मग रस्त्यावर ओढणी पसरली आणि आडवी होऊन खालून बघितलं. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात एक प्लास्टिकचं बूच होतं आणि त्याच्यातून गुलाबी कूलंट टिपटिप गळत होतं. बूच चक्क तिरकं बसलेलं होतं. माझ्यासारख्या बाईला, जिला पाना कुठला आणि पक्कड कुठली हे सांगता येत नाही, तिलासुद्धा दिसत होतं.

तशीच रस्त्यात बसून मी फोनमधला मार्चमधला फोटो काढला आणि बोटांनी मोठा केला. दीड महिना तो माझ्याजवळ होता. आबांची रेघ क्लिपवरून पाइपावर सरळ गेली होती, कुठे तुटली नव्हती, सरकली नव्हती. क्लिपभोवती धूळ होती, सुकी धूळ. आणि फोटोच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, जिथे त्या माणसानं बोट ठेवलं नव्हतं, तिथे गुलाबी ओघळ होता. कूलंट बदलताना हेच बूच त्यांनी उघडलं असणार आणि तिरकं आवळलं असणार. त्याच्या खापरासाठी त्यांना कुणाचं तरी डोकं हवं होतं. आबांचं मिळालं, तेही मी स्वतः नेऊन दिलं.

मी घरी फोन लावला.  म्हटलं, “आबा, गाडी तापलीय. खालच्या बुचातून पाणी गळतंय.”

 मग नेहमीच्या आवाजात आबा म्हणाले, “कुटं हायस? सावलीत हायस का? आदी इंजिन थंड हू दे. वरचं झाकण बिलकूल उघडू नको, तोंड भाजंल. अर्ध्या तासानं बूच काढ, त्याला रबराचा वायसर आसंल तो बग.”

अर्ध्या तासानं ड्रेसिंगचे हातमोजे चढवून मी बूच काढलं. त्याआधी चार बाजूंनी फोटो काढून ठेवले, तेवढी अक्कल एव्हाना आली होती. वायसर चिमटून फाटला होता. आबा फोनवरच म्हणाले, सायकलची जुनी ट्यूब मिळते का बघ. मावशीनं शेजारच्या घरातून ट्यूबचा तुकडा आणला, मी माझ्या ड्रेसिंगच्या कात्रीनं गोल कापला, बसवला आणि बूच हातानं सरळ फिरवत नेलं. “जोर लावू नको,” आबा म्हणत होते. “आपसूक गेलं तर बरोबर हाय. अडलं तर तिरकं हाय, परत काढ.” दोनदा काढलं, तिसऱ्यांदा गेलं. मावशीच्या हंड्यातलं पाणी भरलं. गाडी सुरू केली, काटा मधे येऊन थांबला. मला त्या क्षणी आनंद झाला असं म्हणायला हवं, पण मला रडू आलं.

तिथून मी सरळ सेंटर गाठलं. तोच ॲडव्हायझर होता. मी जुना फोटो दाखवला, नवे दाखवले, फाटका वायसर त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं सगळं शांतपणे बघितलं आणि विचारलं, “बूच कुणी काढलं, मॅडम?”

“मी.”

“मग अवघड आहे.” तो खरोखर हळहळल्यासारखा बोलला. “आता तुमचा हात लागलाय. आधी ते कसं होतं हे आम्ही कसं सांगणार?”

“फोटो आहेत ना.”

“फोटो बाहेर काढलेत.”

मी आयुष्यात इतक्या मोठ्यानं कुठे बोलले नव्हते. काचेच्या खोलीतली माणसं कॉफी हातात धरून बघायला लागली. मी म्हटलं, तुमच्या माणसानं तिरकं आवळलेलं बूच आतलं, आणि पस्तीस वर्षं घाटात गाड्या पास करणाऱ्या माणसानं सरळ आवळलेली क्लिप बाहेरची, हा कुठला न्याय? तुम्ही इंजिन खोललंत, परत जोडलंत आणि तेच बूच परत तिरकं लावलंत, एकालाही खाली वाकून बघावंसं वाटलं नाही? शेवटी आतून मॅनेजर आले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, माझं म्हणणं वरपर्यंत कळवतो म्हणाले. चूक झाली हे दोन शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. जाताना माझ्या हातात त्यांनी एक कुपन ठेवलं. एक वेळ गाडी फुकट धुऊन मिळेल म्हणून. ते मी तिथल्या तिथे फाडलं आणि त्यांच्याच टेबलावर ठेवून आले.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा ओट्यावर होते. मी त्यांच्यापुढे खाली बसले, फोटो मोठा केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. नवीन डोळ्यांनी त्यांनी तो बराच वेळ बघितला. रेघेवरून अंगठा फिरवला, तसा फोटो सरकून बाजूला गेला. तो मी परत जागेवर आणून दिला.

“तुमची क्लिप घट्ट होती, आबा,” मी म्हणाले. “तुमच्या हातून काही सुटलं नव्हतं. मी चुकले. मी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी तयारी करून आले होते. त्यांनी फोन मला परत दिला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत बसले.

“मला वाटलं, ऱ्हायली असंल ढिली,” ते म्हणाले. “तू सांगितलंस म्हंजी खरंच असंल. मंग मनात आलं, हितं ऱ्हायली तर तितं बी कुटं कुटं ऱ्हायली असंल. दीड म्हैना झाला, डोळा लागत न्हाई. एकेक गाडी आठवतोय, पास केलेली. कुटला पाइप, कुटला नट. घाटात काय झालं न्हाई म्हून कळलं न्हाई, एवढंच असंल का काय.”

कितव्या गाडीपर्यंत आलात, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.